'जर' कोणाचा? : मराठी विज्ञानकथेच्या नव्या पर्वाचे पुनर्वाचन

मराठी विज्ञानकथेविषयीची आपली समीक्षा दीर्घकाळ दोन टोकांवर अडकून पडली आहे. एका टोकाला निखळ स्वागत आहे. विज्ञानकथा मराठीत आली, ती एका जागतिक कीर्तीच्या शास्त्रज्ञाने लिहिली, तिच्यामुळे वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार झाला, इतके नोंदवले की समीक्षकाचे काम संपते. दुसऱ्या टोकाला उपेक्षा आहे. नवकथेपासून ग्रामीण आणि दलित कथेपर्यंतचा प्रवास तपशिलाने मांडणाऱ्या इतिहासांत विज्ञानकथेच्या वाट्याला एखादे परिशिष्टवजा प्रकरण येते. या दोन्ही भूमिकांना संहिता वाचण्याची फारशी गरज भासत नाही. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा श्रद्धांजलीपर लेखनात पहिलाच सूर पुन्हा लागला. प्रसंग पाहता ते स्वाभाविक होते. परंतु ज्या पर्वाचा आरंभ त्यांच्या नावाशी निगडित आहे, त्या पर्वाने मराठी कथेच्या रूपबंधात नेमके काय घडवले आणि काय घडू दिले नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. प्रस्तुत लेख या प्रश्नापुरता मर्यादित आहे. सगळ्या विज्ञानकथाकारांचा आढावा येथे अभिप्रेत नाही. काही मोजक्या संहितांच्या आधारे, आणि त्या संहिता खानदेशात वाचल्या व शिकवल्या जाताना जे प्रश्न उभे राहतात त्यांच्या आधारे, ही मांडणी केली आहे.

'नवे पर्व' ही संज्ञा येथे १९७४ नंतरच्या लेखनाला उद्देशून वापरली आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७० पासून विज्ञानकथास्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने घेऊन नारळीकरांनी हे नाव धारण केले होते. ख्यातीचा लाभ कथेला मिळू नये, तिने स्वबळावर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढच्या समीक्षेने हा संकेत पाळला नाही, ही गोष्ट मात्र खेदाची आहे.

तत्पूर्वी मराठीत विज्ञानकथा नव्हती असे नाही. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकातून झ्यूल व्हर्नचे मराठी रूपांतर आले. त्याच शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा प्रसिद्ध झाली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, नारायण धारपांनी भयकथेबरोबर विज्ञानकथाही लिहिली. मात्र या लेखनातील विज्ञान बहुधा चमत्काराची जागा घेई. मंत्राऐवजी यंत्र येई, पण कथेचा व्यवहार तोच राही. नव्या पर्वाने हा व्यवहार बदलला.

हा बदल स्पष्ट करण्यासाठी डार्को सुविन यांची मांडणी उपयोगी पडते. १९७९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी विज्ञानकथेची व्याख्या 'ज्ञानात्मक अपरिचितीकरण' अशी केली. परिचित जग अपरिचित करून दाखवणे हे मिथकही करते आणि परीकथाही करते. विज्ञानकथेत मात्र त्या अपरिचिततेमागे ज्ञानाची शिस्त असते. एक नवी गोष्ट, सुविन यांच्या भाषेत 'नोव्हम', कथेत प्रवेश करते आणि तिचे तार्किक परिणाम कथेचे सारे विश्व व्यापतात. साध्या मराठीत सांगायचे तर कथेला एकच 'जर' घेण्याची मुभा असते. त्यानंतरचा प्रत्येक 'तर' त्या 'जर'ला बांधलेला असावा लागतो. ही काटकसर मराठी कथेला नवी होती, आणि नारळीकरांच्या लेखनाचे पहिले सामर्थ्य तिच्यात आहे.

'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहातील 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. डावे आणि उजवे यांची अदलाबदल, म्हणजे वस्तूची आरशातली प्रतिमा प्रत्यक्षात येणे, हा तिच्यातील एकमेव 'जर'. मोबियसच्या पट्टीचा दाखला देऊन ती कल्पना समजावली जाते. पण कथेचे यश त्या दाखल्यात नाही. ही भूमितीय कल्पना लेखकाने ज्या दोन ठिकाणी उतरवली आहे, त्या निवडीत ते आहे. एक ठिकाण क्रिकेटचे मैदान, जिथे गोलंदाजाचा हात कोणता हे हजारो डोळे पाहत असतात. दुसरे ठिकाण गणेशमूर्ती. सोंड कोणत्या बाजूला वळली आहे, हे मराठी घरात लहान मूलही पाहते. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, ही समजूत सर्वपरिचित आहे. म्हणजे डाव्या-उजव्याच्या भेदाबद्दलची एक तीक्ष्ण सांस्कृतिक जाणीव वाचकाच्या ठायी आधीच सिद्ध होती. कथा त्या जाणिवेची टिंगल करत नाही आणि तिला शरणही जात नाही. ती तिचा उपयोग करते. श्रद्धेने जपलेले निरीक्षण येथे विज्ञानाच्या कामी येते. परकीय वाङ्मयप्रकार भाषेत रुजतो कसा, याचे याहून नेमके उदाहरण मला नव्या पर्वात आढळलेले नाही.

देशीवादी भूमिकेतून विज्ञानकथेवर घेतला जाणारा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात मांडलेला देशीयतेचा विचार खानदेशातील आमच्या पिढीच्या वाचनाचा भाग आहे. त्या विचाराच्या आधाराने, पण त्याची खोली न राखता, विज्ञानकथा ही आयात केलेली वस्तू आहे असा निकाल अनेकदा दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. आयात कादंबरीचीही झाली. प्रश्न वाङ्मयप्रकार कुठून आला हा नसून, तो येथे आल्यावर कोणाचे प्रश्न विचारू लागला हा आहे. त्या कसोटीवर 'उजव्या सोंडेचा गणपती' उतरते. या पर्वातील सगळ्या कथा उतरत नाहीत, आणि आक्षेपाला आधार असेल तर तो तेथे आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' ही या पर्वातील बहुधा सर्वाधिक वाचली गेलेली कथा. इंग्रजी रूपात ती अकरावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातही पोहोचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जातात, जिथे १७६१ ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. कंपनी सरकारचा अंमल तिथे मुंबईपुरता, भाडेपट्ट्याने उरला आहे. मुंबईच्या टाउन हॉलमधील ग्रंथालयात ते इतिहास चाळतात आणि आपल्या जगाशी त्याची फारकत कुठे झाली हे शोधतात. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांना चाटून जाते. पुढे आझाद मैदानावरील सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून ते व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांना तेथून हुसकावतात. परत आल्यावर त्यांच्या खिशात भाऊसाहेबांच्या बखरीचे एक फाटके पान उरलेले असते. राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजयामिकी यांच्या साहाय्याने या अनुभवाची संगती लावून देतो.

या कथेचे सामर्थ्य तिच्या केंद्रस्थानी आहे. इतिहास हा एका गोळीच्या तिळभर अंतरावर अवलंबून होता, ही कल्पना मराठी मनाच्या सर्वात दुखऱ्या जागी हात घालते. पानिपत हा शब्द मराठीत सामान्यनाम झाला आहे. पराभवाचे ते दुसरे नाव. अशा शब्दाभोवती 'जर' उभा करणे ही धाडसाची आणि तितकीच भाषेच्या आतून सुचलेली कल्पना आहे. अध्यक्षाविना चालणाऱ्या सभेचा प्रसंग तर मला संपूर्ण कथेतील सर्वाधिक कल्पक भाग वाटतो. लढाईचा निकाल बदलल्यावर सिंहासने बदलतात हे कोणीही सांगेल. व्याख्यानसभांना कंटाळलेल्या समाजाने अध्यक्षाची खुर्चीच रिकामी ठेवण्याचा पायंडा पाडला, हे सुचायला विनोदबुद्धीही लागते आणि आपल्या सांस्कृतिक व्यवहाराची ओळखही लागते.

मात्र धुळ्यात ही कथा वाचताना पुराव्याचा प्रश्न टाळता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी अखेरचा श्वास या गावात घेतला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या संग्रहाभोवती उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून येथे आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा विषय पानिपतापर्यंतची पत्रे हाच होता. त्या खंडाच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींची झडती घेतली आणि समकालीन पत्रासमोर बखर किती लटकी पडते हे दाखवले. मराठीतील आधुनिक इतिहासलेखनाची पद्धतच या भेदावर उभी राहिली. आता कथा काय करते पाहा. पर्यायी जग खरोखर होते याचा एकमेव मूर्त पुरावा म्हणून ती बखरीचे पान पुढे ठेवते. बखरींवर इतिहासकाराने विसंबू नये हे गंगाधरपंतांना ठाऊक आहे, कथेतच तसे सूचित झाले आहे. पण राजेंद्रसमोर पान येताच ही सावधगिरी विसरली जाते. बखरीचे पान फार तर एवढेच सिद्ध करील की दुसऱ्या जगातही बखरकार होते आणि तेही आपल्या धन्याला रुचेल असे लिहीत होते. गोळी चाटून गेली की नाही, हे त्या पानावरून ठरत नाही.

हा तांत्रिक दोष दाखवण्याचा खटाटोप नाही. कथेत पुराव्याची चूक असणे क्षम्य आहे. मुद्दा असा की भौतिकशास्त्राच्या बाबतीत इतकी काटेकोर असलेली ही कथा भाषेच्या बाबतीत भाबडी ठरते. मोजमापाच्या उपकरणावर जो संशय शास्त्रज्ञ घेतो, तो संहितेवर घेत नाही. कागदावरचा मजकूर त्याला जगाकडे उघडणारी पारदर्शक खिडकी वाटतो. ही भाबडी श्रद्धा नव्या पर्वाच्या निवेदनपद्धतीत सर्वत्र झिरपलेली आहे. म्हणूनच ती येथे इतक्या विस्ताराने दाखवावी लागली.

आणखी एक. कथेतील 'जर' राज्य कोणाचे हे विचारतो. जमीन कोण कसते हे विचारत नाही. पानिपत जिंकले असते तर खानदेशचे काय झाले असते? १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली ती उभी राहिली असती का? १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी येथवर पोहोचली असती का, भुसावळचे जंक्शन झाले असते का? सातपुड्यातील भिल्लांच्या दृष्टीने पुण्याचा अंमल आणि कंपनीचा अंमल यांतील अंतर त्या तिळभर अंतराहून मोठे होते का? एका छोट्या कथेने हे सगळे पेलावे अशी अपेक्षा नाही. पण पुढील पन्नास वर्षांत दुसऱ्या कोणी विज्ञानकथाकाराने या प्रश्नांना हात घातल्याचे माझ्या वाचनात नाही, ही बाब नजरेआड करता येत नाही.

निवेदनपद्धतीकडे वळू. या पर्वातील अनेक कथांचा आकृतिबंध ठरीव आहे. एक चमत्कारिक घटना घडते, निवेदक किंवा त्याचा मित्र बुचकळ्यात पडतो, आणि अखेरीस एक शास्त्रज्ञ येऊन उलगडा करतो. हा उलगडा संवादरूप असतो, पण त्यात संवाद नसतो. एकजण शंका विचारतो, दुसरा समाधान करतो. हा बंध परका मात्र मुळीच नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण येते आणि उत्तररंगात आख्यान. विज्ञानकथेने हा क्रम उलटवला: आख्यान आधी, निरूपण नंतर. क्रम उलटताच परिणामही उलटला. कीर्तनकाराच्या श्रोत्याला तत्त्व आधी कळलेले असते, त्यामुळे आख्यानात तो मोकळेपणाने रमतो, कधी तत्त्वाला ओलांडूनही जातो. विज्ञानकथेचा वाचक आख्यानात अडकतो आणि निरूपण येताच सुटतो. सुटल्यावर त्याच्यापाशी कुतूहल उरत नाही. कथा पुन्हा वाचावीशी वाटत नाही ती यामुळे. विज्ञानातील अद्भुत रसाला इतक्या तातडीने शांत करण्याची गरज होती का, हा प्रश्न प्रबोधनाच्या भूमिकेने कधी विचारूच दिला नाही.

या आकृतिबंधात प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोण देतो याची वाटणीही ठरलेली आहे. 'धूमकेतू' या नारळीकरांच्या कथेत धूमकेतूचा शोध लावणारा हौशी निरीक्षक पुरुष आहे. धूमकेतूच्या अशुभाला भिऊन यज्ञाकडे वळणारी त्याची पत्नी. कथेचा उपहास सौम्य आहे, आणि पत्नीचे चित्रण दुष्टपणे केलेले नाही. तरीही विज्ञान आणि अंधश्रद्धा यांची सीमारेषा दिवाणखाना आणि देवघर यांच्यामधून आखली गेली आहे. ज्या बाईला दुर्बिणीला डोळा लावण्याची सवड कोणी दिली नाही, तिच्या अज्ञानावर कथा उभी आहे, याचे भान निवेदकाला नाही.

आता आमच्या वर्गात येऊ. एम. ए. ला वाङ्मयप्रकार म्हणून विज्ञानकथा शिकवताना रावेर-यावलकडचे विद्यार्थी या कथांतील विज्ञान पटकन समजून घेतात, पण त्यातील माणसे त्यांना दूरची वाटतात. हा केवळ पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातील प्रमाणभाषेचा परिणाम म्हणावा, तर ललित साहित्याच्या अन्य प्रकारांतही ती भाषा आहे. खरे कारण वेगळे आहे. या कथांत विज्ञान ही नेहमी कोणीतरी शोधून काढायची गोष्ट असते. या विद्यार्थ्यांच्या अनुभवात विज्ञान ही येऊन पडलेली गोष्ट आहे. उतिसंवर्धित केळीची रोपे, ठिबकच्या नळ्या, दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख, साक्रीच्या माळावरील पवनचक्क्या आणि सौरपट्टे यांच्या सान्निध्यात ते वाढले आहेत. उतिसंवर्धनाच्या बागेत एका वाणाचे प्रत्येक झाड जनुकीयदृष्ट्या बहुधा एकसारखे असते. एकाच जिवाच्या हजारो प्रती रांगेत उभ्या आहेत, घड एका सुमारास निसवतात, आणि एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागू शकतो. जगातील कोणत्याही विज्ञानकथाकाराला हेवा वाटावा असे हे दृश्य आहे. आमच्याकडे ते रोजचे आहे, म्हणून त्याच्याकडे कोणी कथेच्या डोळ्याने पाहिले नाही.

कापसाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसाच्या रोपात बसवून बोंडअळीसाठीचे विष रोपालाच तयार करायला लावण्याचे हे तंत्र. त्याच्यासोबत एक अट आली. बीटी नसलेले थोडे बियाणेही शेताच्या कडेने लावायचे. अळ्यांना विनाविष खाद्य मिळावे, त्यांची सवयीची पिढी टिकावी आणि विषाला पुरून उरणारी जात बळावू नये, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे शत्रूसाठी राखून ठेवलेल्या चार ओळी. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या ओळी म्हणजे तोटा, विज्ञानाच्या दृष्टीने विमा. अनेकांनी त्या लावल्या नाहीत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापूस पोखरला, त्याच्या कारणांपैकी हे एक. या प्रसंगात 'जर' आहे, 'तर' आहे, पिढ्यांचा काळ आहे, ज्ञान आणि भूक यांच्यातील खरा ताण आहे. येथे शंका विचारणारा शेतकरी अडाणी नाही. चार ओळी कोणाच्या पोटातून काढायच्या हा त्याचा प्रश्न शास्त्रज्ञाच्या उत्तराने संपत नाही. नव्या पर्वाच्या आकृतिबंधात या माणसाला जागा मिळत नाही, कारण त्या आकृतिबंधात प्रश्नाचा शेवट उत्तराने व्हावा लागतो.

अपवाद आहेत, आणि त्यांची नोंद न घेणे अन्यायाचे होईल. अरुण साधू यांनी 'विप्लवा'मध्ये राजकीय कादंबरीकाराची नजर विज्ञानकथेत आणली. सुबोध जावडेकर यांची 'आकांत' ही कादंबरी भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेकडे वळली. काटेकोर अर्थाने ती विज्ञानकथा नव्हे. पण विज्ञानकथाकाराने विज्ञान ज्यांच्या अंगावर कोसळले त्यांच्या बाजूने लिहिण्याचा तो प्रयत्न आहे, आणि या पर्वाला स्वतःची मर्यादा जाणवली होती याची ती साक्ष आहे. बाळ फोंडके यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला. त्यामुळे मराठी कथा इतर भारतीय भाषांतील कथांच्या शेजारी ठेवून वाचण्याची सोय झाली. ती सोय आपल्या समीक्षेने फारशी वापरली नाही.

नारळीकरांच्याच 'वामन परत न आला' या कादंबरीत या मर्यादेपलीकडे जाण्याची शक्यता सर्वात जवळ आली होती असे मला वाटते. स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करू पाहणारा वामन नावाचा यंत्रमानव, आणि त्याच्यामुळे निरुपयोगी ठरण्याच्या भीतीने ग्रासलेला माणूस, हे तिचे आशयसूत्र. शीर्षकातील मिथक अचूक निवडलेले आहे. छोटा दिसणारा याचक पाहता पाहता तिन्ही लोक व्यापतो. येथेही 'उजव्या सोंडेचा गणपती'प्रमाणे भाषेच्या आतील प्रतिमा विज्ञानाच्या कामी आली आहे. पण वामनाची कथा मराठीत एकाच बाजूने सांगितली जात नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ती उलटून वाचली. त्यांच्या वाचनात वामन हा आक्रमक आणि बळी हा रयतेचा राजा. दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य यावे असे म्हणणारी घरे आजही खानदेशात आहेत. कादंबरीने वामनाला धोका मानले, म्हणजे नकळत का होईना ती फुल्यांच्या बाजूला उभी राहिली. परंतु ज्याच्या डोक्यावर तिसरे पाऊल पडणार, तो बळी तिच्यात कोण आहे? कादंबरीचे उत्तर 'मानवजात' असे आहे, आणि या मानवजातीच्या वतीने विचार, निर्णय आणि कृती करणारे सगळे प्रयोगशाळेत आणि सत्तेच्या वर्तुळात वावरणारे आहेत. यंत्राने ज्याचे काम पहिल्यांदा जाईल असा एकही माणूस तिच्यात बोलत नाही. वामन परत आला नाही. बळीला तर कादंबरीने मुळात बोलावलेच नव्हते.